हार्मोनची गोळी: माझी आणि दादाची

रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली, की मोठे संकट टळले, आता फक्त एक गोळी घ्यायची. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी पार पडली होती, गेलेले केस पुन्हा उगवू लागले होते, आणि या सगळ्यापुढे टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची ती गोळी इतकी किरकोळ दिसत होती की ‘फक्त’ हा शब्द मलाही खटकला नाही. आज, उपचाराच्या सातव्या वर्षाच्या अखेरीस, तो खटकतो. ज्या कर्करोगाच्या पेशी शरीरातल्या संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोनवर, वाढतात, त्यात आजार परत येऊ नये म्हणून अनेक रुग्णांच्या बाबतीत केमोथेरपीपेक्षाही अधिक काम ही साधी दिसणारी गोळी करत असते. हे मला गोळी हातात मिळाली त्या दिवशी कोणी समजावून सांगितले असते, तर पुढे जी चूक मी केली ती कदाचित केली नसती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही हाडांपर्यंत पोहोचलेला. तेव्हापासून आम्ही दोघे एकमेकांचे अहवाल वाचतो, एकमेकांच्या औषधांची नावे पाठ करतो. माझ्या उपचारात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची वाट अडवली जाते आणि त्याच्या उपचारात टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाची, एवढाच काय तो फरक आहे हे आम्हाला हळूहळू उमगत गेले. आज लिहिते आहे ते त्या दोन वर्षांतल्या बोलण्यातून आणि वाचनातून जमा झालेले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध बदलण्याचा किंवा थांबवण्याचा सल्ला यात कोणी शोधू नये.

संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते, पण ज्या पेशीत त्याला ओळखणारे प्रथिन असते तिथेच त्याचा परिणाम होतो. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. इस्ट्रोजेन आपल्या ग्राहीला जाऊन चिकटले की ती जोडी पेशीच्या केंद्रकात जनुकांवर जाऊन बसते आणि पेशीला विभाजनाचा आदेश मिळतो. स्तनाच्या निरोगी पेशींतही हे घडत असतेच. कर्करोग झालेल्या पेशी तीच यंत्रणा आपल्या वाढीसाठी राबवतात, आणि म्हणूनच ही यंत्रणा थांबवली तर त्या उपाशी पडतात. स्तनाच्या कर्करोगांपैकी शेकडा सत्तरच्या आसपास कर्करोग असे ग्राही बाळगणारे असतात. बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ (इस्ट्रोजेनचा ग्राही) आणि ‘पीआर’ (प्रोजेस्टेरॉनचा ग्राही) अशी जी अक्षरे येतात ती याचीच. एक टक्का पेशींत जरी ईआर सापडला तरी अहवाल पॉझिटिव्ह धरला जातो, पण टक्केवारी जितकी जास्त तितका या गोळ्यांचा उपयोग होण्याचा संभव अधिक. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. या एका ठिकाणी तो शब्द चांगली बातमी असतो, हे मला आठवडाभराने कळले.

ही कल्पना किती जुनी आहे हे कळल्यावर मी थक्क झाले. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढून टाकले आणि तिच्या गाठी काही महिन्यांत विरून गेल्या. गाईचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते हा पशुपालकांचा अनुभव त्यांच्या वाचनात आला होता, आणि अंडाशयाचा स्तनावर दुरून ताबा चालत असावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला. शरीरात काय चालले आहे याला नाव मिळण्याच्या नऊ वर्षे आधी एका डॉक्टरने त्यावर उपचार करून दाखवला होता, हे वाचताना मला त्या अनामिक स्त्रीविषयी फार कृतज्ञता वाटली.

दादाच्या उपचाराचा उगम शिकागोतला. चार्ल्स हगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की वृषण काढले किंवा स्त्री-संप्रेरक दिले तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो आणि रुग्णाच्या हाडांच्या वेदना कमी होतात. कर्करोग ही शरीराच्या ताब्यातून पूर्णपणे सुटलेली, स्वतःच्याच मर्जीने वाढणारी गोष्ट असते या समजाला त्या कामाने तडा गेला. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आजही एक मान्य पर्याय आहे. दादाच्या डॉक्टरांनी तो समोर ठेवला होता. त्याने इंजेक्शन निवडले.

टॅमॉक्सिफेनची कथा मात्र निराळ्याच वाटेने गेली आहे. इंग्लंडमधल्या आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९६२ मध्ये ते तयार केले, तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधक गोळीचा. उंदरांमध्ये ते रेणू गर्भधारणा रोखत होते, पण स्त्रियांमध्ये उलटेच घडले. बीजांड बाहेर पडण्यास त्यांनी चालना दिली. गर्भनिरोधक म्हणून औषध निकामी ठरले. त्याच गटातले आर्थर वॉलपोल यांना स्तनाच्या कर्करोगात त्याचा उपयोग होईल असे वाटत होते, आणि मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये आणि अमेरिकेत १९७७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ज्या रेणूची फाइल बंद होऊन कपाटात गेली असती, तो आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ते इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि खरे इस्ट्रोजेन आले तर त्याला जागाच उरत नाही. स्तनाच्या पेशीत ते अशा रीतीने बसते की पुढचा आदेश निघत नाही, पण गर्भाशयाच्या अस्तरात आणि हाडांत तेच औषध थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते. म्हणून रजोनिवृत्तीनंतर ते घेणाऱ्या स्त्रीच्या हाडांची झीज कमी होते आणि त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. पाळी गेल्यानंतर योनीतून रक्ताचा डाग जरी दिसला तरी तो डॉक्टरांना सांगायचा असतो तो याचसाठी. शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही थोडा वाढतो. एका पायाला अचानक सूज येणे किंवा दम लागणे ही लक्षणे उद्यावर ढकलायची नसतात.

अजून एक बाब मला औषधविक्रेत्याकडून कळली आणि त्याचे उपकार मी विसरलेले नाही. टॅमॉक्सिफेनचे यकृतात रूपांतर होऊन एंडॉक्सिफेन तयार होते, आणि औषधाचा बराचसा परिणाम त्याचा असतो. हे रूपांतर करणारे जे एन्झाइम आहे, सीवायपी२डी६, त्याला पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे जोरात रोखतात. कर्करोगाच्या रुग्णाला नैराश्यावरचे औषध लागणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मलाही ते लागले. माझ्या चिठ्ठीवरचे नाव पाहून त्या गृहस्थांनी विचारले, की तुम्ही टॅमॉक्सिफेन घेता हे औषध लिहिणाऱ्यांना माहीत आहे का. माहीत नव्हते, कारण मी सांगितलेच नव्हते. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मग व्हेनलाफॅक्सिन लिहून दिले, जे या एन्झाइमला फारसे अडवत नाही आणि अंगातून येणाऱ्या वाफाही कमी करते. तेव्हापासून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना मी सगळ्या औषधांची यादी बरोबर नेते, अगदी दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही.

तीन वर्षांनी माझी पाळी पूर्ण थांबल्याची रक्ततपासणीने खात्री झाली आणि मला लेट्रोझोल सुरू झाले. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणे थांबवतात, पण शरीर थांबवत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन गटातली, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीची, संप्रेरके सोडत राहतात, आणि चरबी, स्नायू, त्वचा, अगदी कर्करोगाच्या गाठीतसुद्धा अॅरोमॅटेज नावाचे एन्झाइम त्यांचे इस्ट्रोजेन करते. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तीन औषधे हे एन्झाइम बंद पाडतात आणि शरीरातले उरलेसुरले इस्ट्रोजेन नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आणतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीला ही औषधे एकटी देता येत नाहीत, कारण इस्ट्रोजेन कमी झाल्याचे मेंदूला कळताच तो अंडाशयांना आणखी जोराने कामाला लावतो. अशा स्त्रीला ती द्यायची तर आधी इंजेक्शनने अंडाशय शांत करावे लागतात. केमोथेरपीने पाळी गेली म्हणजे रजोनिवृत्ती आली असे नसते. ती काही महिन्यांनी परत येऊ शकते. म्हणूनच माझी तपासणी एकदा नव्हे, तीनदा झाली.

माझी चूक घडली ती लेट्रोझोलच्या काळात. पाचव्या महिन्यापासून सकाळी हाताची बोटे वळेनात. पलंगावरून उठल्यावर पहिली दहा-बारा पावले मी भिंतीला धरून टाकत असे. बरणीचे झाकण उघडण्यासाठी मुलीला हाक मारावी लागू लागली. ज्या रुग्णालयात माझा पाठपुरावा चालू होता तिथे मी हे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, की वय झाले की होतेच असे, आणि कर्करोगापेक्षा सांधेदुखी परवडली. त्या वेळी माझे वय पन्नासच्या आतले होते. मी गप्प बसले, घरी आले, आणि काही दिवसांनी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. पाकिटातून रोज एक गोळी काढून मी कचऱ्यात टाकत असे, म्हणजे पाकीट रिकामे होत जाईल आणि नवऱ्याला शंका येणार नाही. तीन आठवड्यांत बोटे सुटी झाली आणि मला मोकळे वाटले. सात आठवडे हे चालले.

त्या सात आठवड्यांत माझ्या डोक्यात काय चालले होते हे मी पुढे बराच विचार करून शोधले. या गोळ्यांचा फायदा डोळ्यांना कधीच दिसत नाही. गाठ शस्त्रक्रियेने काढलेली असते, तपासणीत काही सापडत नसते, आणि गोळी जे करते ते म्हणजे एखादी गोष्ट घडू न देणे. त्रास मात्र रोज सकाळी बोटांत असतो. अशा स्थितीत मन हिशेब मांडते तेव्हा एका पारड्यात दुखणे असते आणि दुसरे पारडे रिकामे दिसते. ते रिकामे नसते. टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांच्या एकत्रित माहितीवरून सिद्ध झालेले आहे, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये अॅरोमॅटेज रोखणारी औषधे त्याहूनही थोडी सरस ठरली आहेत. पण हा फायदा गोळी प्रत्यक्षात घेतली तरच मिळतो. पुष्कळ स्त्रिया ती मुदतीपूर्वी सोडतात, आणि त्यांतल्या कित्येक जणी माझ्यासारख्याच गुपचूप सोडत असाव्यात असे मला वाटते.

मी कबुली दिली ती दुसऱ्या डॉक्टरांकडे, दुसरे मत घ्यायला गेले असताना. मला वाटले होते बोलणी बसतील. त्यांनी माझी बोटे हातात घेऊन पाहिली, त्रास किती वाजेपर्यंत राहतो ते विचारले, आणि म्हणाल्या, “बरे झाले सांगितलेत. थोडा काळ थांबून दुसरी गोळी सुरू करणे हा उपाय आम्ही स्वतःच सुचवतो, फक्त तो आपण मिळून ठरवतो.” एका औषधाने सांधे धरले तरी त्याच गटातल्या दुसऱ्याने तेवढे धरतीलच असे नसते. मला एक्झेमेस्टेन मिळाले, रोज २५ मिलिग्रॅम, जेवणानंतर. ते बाकीच्या दोघांपेक्षा वेगळे आहे, त्याची घडण स्टेरॉइडची असते आणि ते एन्झाइमला कायमचे चिकटून त्याला निकामी करते. आठवड्यातून पाच दिवस भराभर चालणे आणि दोन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम त्यांनी औषधाइतक्याच ठामपणे लिहून दिला. दुखणे पूर्ण गेले नाही. पण बरणी मी उघडते.

हाडांचे प्रकरण तेव्हाच उघडले गेले, जे लेट्रोझोल सुरू करतानाच व्हायला हवे होते. इस्ट्रोजेन हाडांचा राखणदार आहे, आणि ते जवळजवळ शून्यावर नेले की हाडे विरळ होऊ लागतात. डेक्सा तपासणीत माझ्या मणक्यांची घनता कमी निघाली, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या जोडीला दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अॅसिडचे सलाइन सुरू झाले. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. डेनोसुमॅब हे इंजेक्शनही याच कामासाठी वापरतात, मात्र ते अचानक बंद केले तर हाडांची झीज उसळी घेते आणि मणके मोडण्याचा धोका असतो, तेव्हा ते सोडतानाही योजना लागते.

दादाचे निदान झाले तेव्हा त्याचे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण, शंभराच्या वर होते. पहिल्या भेटीत त्याला बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या आणि ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन काही दिवसांनी ठरवले. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, “अगं, मुख्य औषध इंजेक्शन आहे तर आधी या गोळ्या कशाला?” याचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाच्या संप्रेरकाचा एक ठोका पीयूषिका ग्रंथीला पाठवतो, ती पुढे वृषणांना किंवा अंडाशयांना कामाला लावते. या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली, आणि अँड्र्यू शॅली व रॉजर गिलमन यांना १९७७ मध्ये त्या कामासाठी नोबेल मिळाले. ल्युप्रोलाइड हे त्याच संप्रेरकाचे अधिक ताकदीचे, टिकाऊ रूप आहे. ते ठोक्याठोक्याने न येता अखंड येत राहते. पहिले आठवडा-दोन आठवडे पीयूषिका त्या अखंड हाकेला ओ देते आणि टेस्टोस्टेरॉन वाढते. मग ती हाक ऐकेनाशी होते आणि टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्याही खाली येते. सुरुवातीच्या त्या वाढीत हाडांतला कर्करोग भडकू नये, विशेषतः मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर येऊ नये, यासाठी आधी ग्राहीच अडवून ठेवणाऱ्या गोळ्या. डेगॅरेलिक्सचे इंजेक्शन आणि तोंडाने घेण्याचे रेलुगोलिक्स ही औषधे पीयूषिकेला सरळच थांबवतात, त्यांत ही सुरुवातीची उसळी नसते.

वृषण शांत झाले तरी अधिवृक्क ग्रंथी आणि स्वतः गाठ थोडे अँड्रोजेन बनवत राहतात, हे माझ्या इस्ट्रोजेनच्या कथेसारखेच आहे. त्यासाठी दादाला अॅबिराटेरॉन चालू आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये घडलेले हे औषध अँड्रोजेन बनवणारे सीवायपी१७ एन्झाइम रोखते. २०११ मध्ये ते बाजारात आले तेव्हा इतर सगळे उपाय थकलेल्या रुग्णांसाठी होते. २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले, की पसरलेल्या आजारात ते सुरुवातीपासूनच इंजेक्शनच्या जोडीने दिले तर मृत्यूचा धोका सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो. चार गोळ्या एकदम, रिकाम्या पोटी, खाल्ल्यानंतर दोन तासांनी आणि नंतर एक तास काही न खाता. अन्नाबरोबर घेतले तर ते रक्तात कितीतरी पटींनी जास्त शिरते, म्हणून वहिनीने त्याच्या गोळ्यांसाठी पहाटेचा गजर लावला आहे. याच एन्झाइमवर कॉर्टिसॉलही अवलंबून असल्यामुळे सोबत प्रेडनिसोलोनची छोटी गोळी लागते. ती चुकली तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. तीच गोळी दादा पहिल्या महिन्यात ‘स्टेरॉइड आहे, नको’ म्हणून टाळत होता. एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड आणि डॅरोल्युटामाइड ही औषधे वेगळ्या ठिकाणी काम करतात, ती ग्राहीच अडवतात आणि त्यांना प्रेडनिसोलोनची जोड लागत नाही.

दादाने मला एकदा रात्री उशिरा फोन केला आणि बराच वेळ घसा खाकरून शेवटी म्हणाला, की अंगातून वाफा निघतात, घामाने बनियन भिजतो, आणि टीव्हीवरच्या साध्या प्रसंगानेही डोळे भरून येतात. त्याला हे कोणाशी बोलायचे ते कळत नव्हते. मला प्रत्येक शब्द ओळखीचा होता. मेंदूतले तापमानाचे नियंत्रण संप्रेरके अचानक गेल्याने बिघडते, ते बाईचे असो की पुरुषाचे. मी त्याला माझे सगळे उपाय सांगितले, सुती कपड्यांचे थर, उशाशी पंखा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगून घेता येणारी औषधे. स्नायू रोडावणे, वजन पोटावर चढणे, साखर वाढणे, शरीरसंबंधाची इच्छा मावळणे हे सगळे टेस्टोस्टेरॉन गेल्याने होते, आणि शेवटच्या गोष्टीविषयी इंजेक्शन देण्यापूर्वी नवरा-बायको दोघांना समोर बसवून कोणीतरी बोलायला हवे असे माझे ठाम मत आहे. दादा-वहिनींशी कोणी बोलले नाही. कितीतरी महिने वहिनीला वाटत होते की त्याचे तिच्यावरून मन उडाले.

आमच्या घरात स्तन आणि प्रोस्टेट हे दोन्ही कर्करोग आल्यामुळे, ज्याच्या बिघाडाने या दोन्हींचा धोका वाढतो त्या बीआरसीए२ जनुकाची तपासणी झाली. त्यात बिघाड असता तर ओलापॅरिबसारख्या वेगळ्या औषधांची वाट उघडली असती आणि मुलांच्या तपासणीचा प्रश्न आला असता. आमच्यात तो सापडला नाही.

उपाशी ठेवलेली पेशी कायम उपाशी राहत नाही, ही या उपचारांची मर्यादा आहे. प्रोस्टेटच्या पेशी ग्राहींची संख्या वाढवतात, स्वतःच अँड्रोजेन बनवू लागतात, किंवा संप्रेरकाशिवायही चालू राहणारे तुटके ग्राही घडवतात. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ईएसआर१ या जनुकात बदल होऊन ग्राही इस्ट्रोजेन नसतानाही चालूच राहतो, आणि मग अॅरोमॅटेज रोखून उपयोग होत नाही. तिथे ग्राहीच नष्ट करणारी औषधे लागतात. फुलव्हेस्ट्रंट हे त्यातले जुने, महिन्यातून एकदा दोन्ही कुल्ल्यांत एक एक इंजेक्शन. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एलासेस्ट्रंट गोळीच्या रूपात आहे, आणि ते नेमके या बदलासाठी रक्ताची तपासणी करून देतात.

त्याहून मोठी उडी मला सीडीके ४/६ रोखणाऱ्या औषधांची वाटते. संप्रेरकाचा आदेश शेवटी पेशीच्या विभाजनचक्रावर येऊन पोहोचतो, आणि त्या चक्राची दारे उघडणाऱ्या एन्झाइमांना ही औषधे अडवतात. विभाजनचक्राच्या मूलभूत शोधांसाठी हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले होते. पहिले औषध, पॅल्बोसायक्लिब, २०१५ मध्ये आले. नंतर रायबोसायक्लिब आणि अबेमासायक्लिब आली. लेट्रोझोल किंवा फुलव्हेस्ट्रंटच्या जोडीला यांतले एक दिले तर पसरलेला आजार आटोक्यात राहण्याचा काळ पुष्कळ वाढतो. पॅल्बोसायक्लिबने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून तीन आठवडे घेऊन एक आठवडा थांबतात. रायबोसायक्लिबसाठी हृदयाचा आलेख काढावा लागतो. अबेमासायक्लिबने जुलाब होतात. माझ्याबरोबर रेडिएशनला येणारी एक मैत्रीण, जिचा आजार यकृतात परतला होता, या जोडीवर चौथे वर्ष काढते आहे आणि नोकरीही करते.

संप्रेरकांचा हात इतर कर्करोगांतही वापरला जातो. गर्भाशयाच्या अस्तराच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगात, मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला काही वेळा प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे देऊन गर्भाशय वाचवण्याचा प्रयत्न करतात. थायरॉइडच्या कर्करोगात लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक गरजेपेक्षा किंचित जास्त देऊन टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे पीयूषिकेचे संप्रेरक) दाबून ठेवतात, कारण उरलेल्या पेशींना टीएसएच वाढवते.

आता माझ्यापुढे प्रश्न होता तो गोळी कधी थांबवायची याचा. संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग फार उशिरा परतू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२,९२३ स्त्रियांच्या अभ्यासात, पाच वर्षे गोळ्या घेऊन आजारमुक्त राहिलेल्यांमध्येही तो विसाव्या वर्षापर्यंत सावकाश परतत राहिलेला दिसला. गाठ लहान आणि काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ असूनही दूरच्या अवयवात परतण्याचे प्रमाण शेकडा १३ होते. हे वाचून मला वाटले, आयुष्यभर घ्यावी. पण २०२१ मध्ये आलेल्या एका ऑस्ट्रियन चाचणीत, पाच वर्षांच्या उपचारानंतर अॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षे घेणाऱ्या आणि आणखी पाच वर्षे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये आजार परतण्यात फरक आढळला नाही, मात्र जास्त काळ घेणाऱ्यांची हाडे अधिक मोडली. माझ्या एका लसिकाग्रंथीत कर्करोग होता, मणक्यांची घनता कमी आहे, आणि सात वर्षे होत आली आहेत. डॉक्टरांनी हे सगळे कागदावर मांडले आणि मला विचार करायला एक महिना दिला.

आम्ही थांबवायचे ठरवले आहे. शेवटच्या पाकिटात अकरा गोळ्या उरल्या आहेत आणि त्या मी एकही न चुकवता घेणार आहे. त्या सात आठवड्यांची भरपाई यातून होत नाही, हे मला माहीत आहे. दादाला हे सांगितले तेव्हा तो मनापासून आनंदला. त्याचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालूच राहील, त्याला शेवटची तारीख नाही. पुढचे याच महिन्याच्या शेवटी आहे आणि या वेळी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. त्याचे पीएसए गेल्या चार तपासण्यांत एकच्या खाली आले आहे, आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी आम्ही दोघांनी मिळून केली आहे. पहिला प्रश्न त्याच्या हाडांच्या डेक्सा तपासणीचा आहे, कारण ती अजून कोणी सांगितलेली नाही.